फुटक्या पाट्यांचं काय झालं?

गेल्या महिन्यात या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं एकाच विषयाची निघाली. कारण उघड आहे. वर्ष नुकतंच पालटलंय आणि आपल्या बऱ्याच ख्रिस्ती मंडळ्यांत वर्षाखेरीच्या रात्री देवाशी केलेल्या कराराचं नूतनीकरण होतं. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, बाकीच्यांनी राग मानू नये. त्यांच्या प्रश्नांची निम्मी उत्तरं तिथेच येऊन गेली आहेत.

प्रश्न : बाई, सलाम. मी श्रीरामपूर तालुक्यातला शेतकरी, वय ५८. आमच्याकडे ३१ डिसेंबरच्या रात्री पाळकसाहेब कराराचे शब्द वाचतात आणि आम्ही उभं राहून ‘पूर्ण मनाने तुझे आहोत’ असं म्हणतो. मी हे तीस वर्षं म्हणत आलो. दर वर्षी मनाशी तीन गोष्टी ठरवतो : तंबाखू सोडायची, दशांश (कमाईचा दहावा हिस्सा देवाला) चुकवायचा नाही आणि बांधावरून धाकट्या भावाशी धरलेला अबोला मोडायचा. संक्रांतीपर्यंत तंबाखू परत येते. दशांश उसाच्या बिलावर लटकलेला. अबोल्याला अकरा वर्षं झाली. यंदा मला उभंच राहवेना, बसून राहिलो. बायकोने कोपर मारलं तरी उठलो नाही. देवासमोर खोटं बोलण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं नाही का? आणि ‘पूर्ण मनाने’ म्हणजे नेमकं किती?

उत्तर : दादा, सलाम. वहिनींच्या कोपराचं वाचून आधी हसले, मग पत्र पुन्हा वाचलं. त्या रात्री तुम्ही शखेमला असतात, तर म्हाताऱ्या यहोशवाने तुमच्याकडे जरा कौतुकानेच पाहिलं असतं.

बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकाचा २४वा अध्याय काढा. मोशेनंतर इस्राएल लोकांचा पुढारी झाला तो हा यहोशवा. एबाल आणि गरिज्जीम या दोन डोंगरांमधल्या खिंडीत, आजच्या नाब्लूस शहरालगत, तो सगळ्या वंशांना गोळा करतो. अब्राहामाच्या बापापासूनचा इतिहास सांगतो आणि म्हणतो, कोणाची सेवा करायची ते आज ठरवा. लोक एका सुरात म्हणतात, परमेश्वराचीच. आपल्याकडे एवढ्यावर आमेन होऊन दानाची पिशवी फिरली असती. यहोशवा मात्र म्हणतो, तुम्हाला ते जमायचं नाही. हा देव पवित्र आहे. लोक हट्टाने म्हणतात, नाही, करणारच. मग तो म्हणतो, ठीक आहे, तुमचे साक्षीदार तुम्हीच. आणि झाडाखाली एक मोठा धोंडा उभा करून सांगतो की या दगडाने सगळं ऐकलंय. हद्दीच्या दगडाला काय किंमत असते, ते तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणजे ‘मला हे झेपेल का’ ही शंका तुम्ही बाहेरून आणलेली नाही. ती त्या विधीतच आहे, आणि विधी चालवणाऱ्याच्याच तोंडी आहे. आपल्या छापील उपासनेत यहोशवाचं ते वाक्य गाळलेलं असतं. मला विचाराल तर ते परत घालावं.

आता ‘पूर्ण मन’. हिब्रूत ‘लेव शालेम’ असा शब्दप्रयोग येतो. लेव म्हणजे काळीज, पण हिब्रू माणूस काळजाने विचार करतो, ठरवतो, बेत आखतो. आपल्या भाषांतरकारांनी तिथे ‘मन’ घातलं ते योग्यच केलं. ‘हृदय’ म्हटलं की आपल्याला लगेच भावना आठवतात. शालेम हा शालोमच्या घरातला शब्द. मी सेमिनरीत सत्तावीस वर्षं हिब्रू शिकवलं, आणि शालेम म्हणजे ‘परिपूर्ण, निर्दोष’ असं फळ्यावर लिहून मोकळी व्हायची. निवृत्त झाल्यावर एकदा बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाचा २७वा अध्याय वाचताना थबकले. तिथे एबाल डोंगरावर कराराची वेदी बांधायची आज्ञा आहे, आणि तिचे दगड ‘शालेम’ हवेत असं म्हटलंय. कसले दगड? ज्यांना लोखंडी हत्यार लागलेलं नाही असे. छिन्नीने घडवलेले, गुळगुळीत केलेले चालत नाहीत. नांगराच्या फाळाला लागून वर येतो तसा, अंगाखांद्याला माती लागलेला आख्खा धोंडा. तोच शब्द मनाला लावलाय! म्हणजे पूर्ण मन हे घासूनपुसून तयार केलेलं मन नसावं. आख्खं असावं, एवढंच.

त्याच्या उलट काय, तेही स्तोत्रांत आहे. १२व्या स्तोत्रात लबाड लोक ‘लेव वालेव’ बोलतात असं म्हटलंय, शब्दशः ‘मन आणि मन’. एक दाखवायचं, एक ठेवायचं. आणि ८६व्या स्तोत्रातला माणूस देवाला विनवतो, माझं मन एक कर. एक नाही म्हणूनच विनवतो ना?

रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, याहून धीट अर्थ काढला. ‘शमा’ या यहुदी प्रार्थनेत, म्हणजे अनुवाद ६ मध्ये, ‘पूर्ण मनाने प्रीती कर’ म्हणताना मनासाठी ‘लेवाव’ असा दोन ‘ब’ असलेला शब्द आहे (हिब्रूत ‘ब’ आणि ‘व’ एकाच अक्षराने लिहितात). एक ‘ब’ पुरला असता, दोन कशाला? मिश्ना या रब्बींच्या जुन्या ग्रंथात उत्तर आहे : माणसाच्या दोन्ही ओढींनी प्रीती करायची, बऱ्या आणि वाईटही. तुमची तंबाखूची ओढ घराबाहेर चपलांपाशी ठेवून या, असं ते म्हणत नाहीत.

शमाचं नाव निघालं की मला पेणचं आमचं शेजार आठवतं. शेजारच्या मावशी बेने इस्रायली. कोकणात त्या समाजाला ‘शनवार तेली’ म्हणत. तेलाचा घाणा चालवायचा आणि शनिवारी बंद ठेवायचा, म्हणून. शतकानुशतकं बाकीच्या यहुद्यांपासून तुटलेल्या या लोकांनी बरंच विसरलं, पण शमा विसरले नाहीत. मावशींच्या दाराच्या चौकटीला मेझुझा, म्हणजे शमाच्या ओळी ठेवलेली छोटी नळी, होती. आत-बाहेर करताना त्या बोट लावायच्या आणि ते बोट ओठांना. काकांवर तोंडसुख घेत तरातरा बाहेर पडतानाही बोट लागायचंच. मी विचारलं, रागावलेलं असताना पण? म्हणाल्या, ‘अगं, रागाच्या दिवशी सोडलं तर मग लावायचे दिवस उरतात किती?’ मी बारा वर्षांची असताना त्या इस्राएलला गेल्या. चौकटीवर दोन खिळ्यांची भोकं राहिली होती.

तुमचा मोठा प्रश्न मोडण्याचा. दादा, पहिला करारच टिकला नव्हता. सीनायपाशी लोकांनी ‘करू आणि ऐकू’ म्हटलं, मोशे डोंगरावर गेला, आणि चाळीस दिवस पुरे व्हायच्या आत खाली सोन्याचं वासरू उभं राहिलं. मोशेने आज्ञा कोरलेल्या दगडी पाट्या आपटून फोडल्या. नंतर देव म्हणाला, पहिल्यासारख्या दोन पाट्या घडव. पहिल्या देवाने केल्या होत्या. दुसऱ्यांचा दगड मोशेलाच तासावा लागला. पहिलं नूतनीकरण ते हे. फुटक्या तुकड्यांचं काय झालं, हे निर्गमाच्या पुस्तकात नाही. तालमूद या रब्बींच्या ग्रंथात मात्र सांगितलंय की आख्ख्या पाट्या आणि फुटके तुकडे, दोन्ही कोशातच, म्हणजे पाट्यांच्या पेटीतच, ठेवलेले होते. ज्या कोशाला आपण कराराचा कोश म्हणतो, तो उचलून नेणाऱ्यांनी चाळीस वर्षं त्या तुकड्यांचंही ओझं वाहिलं. (रब्बी यावरून आणखी एक गोष्ट शिकवतात : वयामुळे विद्या विसरलेल्या म्हाताऱ्या पंडिताला टाकून देऊ नये. हिब्रू क्रियापदांची रूपं विसरायला लागल्यापासून मला हे विशेष पटतं.)

अपुऱ्या तयारीने आलेल्यांचं काय होतं, तेही पाहा. २ इतिहास ३०. हिज्कीया राजा वल्हांडण सणासाठी उत्तरेच्या वंशांनाही निरोप धाडतो. बरेच जण जासुदांची टर उडवतात. जे थोडे येतात त्यांतले पुष्कळ जण शुद्ध न होताच आलेले असतात, आणि तसेच जेवतात. शास्त्राप्रमाणे ही चूकच. हिज्कीया त्यांना हाकलत नाही. तो प्रार्थना करतो की ज्याने ज्याने देवाला शोधायचं मनात घेतलंय त्याला क्षमा कर, तो पवित्रस्थानाच्या शुद्धीप्रमाणे शुद्ध नसला तरी. आणि देवाने ऐकलं, असं तिथे लिहिलंय. ३१ डिसेंबरला उभं राहायला एवढी तयारी पुरते.

मग खोटं कशाला म्हणायचं? त्यासाठी यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ३४वा अध्याय वाचा. वाचताना पोटात खड्डा पडतो. बाबेलच्या फौजेने यरुशलेमला वेढा घातलेला. राजा सिद्कीया सगळ्यांकडून करार करवून घेतो की आपापले हिब्रू दास-दासी मोकळे करायचे. मंदिरात करार होतो. वासरू मधोमध कापून दोन तुकड्यांमधून सरदार, याजक, लोक चालत जातात. हिब्रूत करार ‘करत’ नाहीत, ‘कापतात’. आपल्याकडे उलट, आपण नातं संपवताना काडी मोडतो. दास सुटतात. तेवढ्यात मिसरचं सैन्य येतंय अशी खबर लागते, बाबेलवाले वेढा उठवून जातात, शहर सुटकेचा श्वास घेतं. आणि ही माणसं काय करतात? सोडलेल्या दासांना पकडून परत कामाला जुंपतात. यिर्मयाचा संताप त्यावर आहे. ते दुबळे म्हणून मोडले नाहीत. संकट टळल्याबरोबर त्यांनी दिलेलं हिसकावून घेतलं, आणि तेही ज्याच्या हातात काही नाही अशाच्या हातून.

तुमचं तंबाखूचं या जातीतलं नाही. त्यासाठी डॉक्टरांकडे जा, माझ्याकडे औषध नाही. दशांशाचं कारखान्याने बिल दिलं की पाहू. भावाचं मात्र वेगळं आहे. बांध कोणी सरकवला, ते तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत. मी विचारतही नाही.

नहेम्या हा पारसाच्या राजाने यहूदावर नेमलेला सुभेदार. त्याच्या पुस्तकाच्या १०व्या अध्यायात लोक करार लिहून काढतात, शिक्के मारतात. त्यात ‘आम्ही तुझे’ असल्या मोघम गोष्टी थोड्या, कलमं फार. शब्बाथाला, म्हणजे विसाव्याच्या शनिवारी, धान्य विकत घ्यायचं नाही. सातव्या वर्षी कर्ज सोडायचं. दर साल शेकेलचा तिसरा हिस्सा मंदिराला. वेदीला जळण कोणत्या घराने कधी पुरवायचं, त्याच्या चिठ्ठ्यासुद्धा टाकल्या. आणि हे सणाच्या उत्साहात नाही. सातव्या महिन्याच्या २४ तारखेला, मंडपांचा सण उरकून लोक घरी परतायच्या बेतात असताना. तरी टिकलं का? १३व्या अध्यायात नहेम्या पारसाच्या राजाकडून परततो, तर मंदिराच्या कोठारात त्याच्या विरोधक तोबीयाचं घरसामान, मंदिराची सेवा करणारे लेवी पोटासाठी शेतावर गेलेले, शब्बाथाला द्राक्षकुंडं तुडवली जातायत आणि सोरचे व्यापारी मासळी विकतायत. तो सामान बाहेर फेकतो, वेशी बंद करून घेतो, काहींचे केस उपटतो (हे करू नका), आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतो.

तुम्हीही कलम लिहा, एकच. मोजणीचा अर्ज दोघांच्या नावाने करायचा, फी निम्मी-निम्मी, आणि मोजणीला निघेल ते मान्य. भाऊ ‘नाही’ म्हणाला तरी विचारायला तुम्ही गेलात, हे तर होईल. ३१ डिसेंबरपर्यंत थांबायची गरज नाही. वहिनींना माझा सलाम सांगा. त्यांचं कोपर शास्त्राला धरून आहे.

प्रश्न : मी मिरजेत नर्सिंग शिकते. आमच्या बायबल अभ्यासात यहूदाच्या योशीया राजाचा धडा झाला. ताईंनी सांगितलं, पूर्ण मनाने आज्ञा पाळली की देव आयुष्य देतो. मग योशीया ३९व्या वर्षी लढाईत कसा मेला? माझे बाबा मंडळीत सगळ्यांच्या उपयोगी पडायचे. ते ४१व्या वर्षी गेले. मी वर्गात हा प्रश्न विचारला नाही.

उत्तर : बाळ, विचारला असतास तरी चाललं असतं. हा प्रश्न शास्त्राने स्वतःच उघडा ठेवलाय.

योशीया आठव्या वर्षी गादीवर आला. राज्याच्या अठराव्या वर्षी, इ.स.पू. ६२२च्या सुमारास, मंदिराची डागडुजी चालू असताना हिल्कीया याजकाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. शाफान चिटणीसाने तो राजाला वाचून दाखवला, आणि राजाने कपडे फाडले. अर्थ विचारायला माणसं गेली ती हुल्दा नावाच्या संदेष्टीकडे. पुरुष नव्हते असं नाही, यिर्मया त्या काळी होता. पण गेले तिच्याकडे, आणि तिच्या शब्दाने पुढचं सगळं ठरलं. राजाने खांबापाशी उभं राहून करार केला. मग मंदिरातल्या मूर्ती किद्रोनला नेऊन जाळल्या, हिन्नोमच्या खोऱ्यातलं पोरं होमायचं ठिकाण बाटवलं, बेथेलची वेदी पाडली. २ राजे २३:२५ मध्ये म्हटलंय की पूर्ण मनाने, जिवाने, शक्तीने परमेश्वराकडे वळणारा असा राजा आधी झाला नाही, नंतर झाला नाही. शमातले तिन्ही शब्द एखाद्या माणसाला लावलेत ते फक्त इथेच.

त्याच अध्यायात, चारच ओव्यांनंतर, मगिद्दोला मिसरचा राजा फारो नखो याने त्याला मारलं. साल इ.स.पू. ६०९. राजांच्या पुस्तकाने कारण दिलेलं नाही. इतिहासाच्या पुस्तकाने दिलंय : नखोच्या तोंडून देव बोलत होता आणि योशीयाने ऐकलं नाही, वेश पालटून लढायला गेला, तिरंदाजांनी टिपलं. शास्त्रातलीच दोन पुस्तकं, एक गप्प राहतं, दुसरं कारण शोधतं. पूर्वी परीक्षेत मी इतिहासाच्या पुस्तकातलं कारण लिहिणाऱ्याला पूर्ण मार्क द्यायची. माझे यजमान गेल्यावर ते मार्क देणं जड जायला लागलं. आता मी राजांच्या पुस्तकाच्या गप्प राहण्याकडे झुकते. लिहिणाऱ्याला कारण सुचलं नसेल असं नाही. पण ‘असा राजा झाला नाही’ हे वाक्य त्याने त्या मरणामुळे खोडलं नाही.

यिर्मयाने योशीयासाठी विलापगीत केलं. आणि बावीसाव्या अध्यायात तो योशीयाच्या मुलाला, यहोयाकीमला, झापतो. मजुरांना मजुरी न देता गंधसरूचा महाल बांधणाऱ्या या मुलाला तो विचारतो : तुझा बाप खातपीत नव्हता का? पण तो न्यायाने वागला, गरिबाची बाजू घेतली. मला ओळखणं म्हणजे हेच नव्हे काय, असं परमेश्वर म्हणतो. पाडलेल्या वेद्या, जाळलेल्या मूर्ती, त्यातलं काहीच यिर्मया काढत नाही.

तुझ्या बाबांविषयी मंडळीतले लोक आज काय बोलतात, ते कधी तरी एका वहीत लिहून ठेव.

प्रश्न : ठाण्यात एका व्याख्यानात ऐकलं की अनुवादाचं पुस्तक म्हणजे अश्शूरच्या राजांच्या तहनाम्यांची नक्कल आहे. मी बँकेत आयुष्यभर करारनामे तपासले, त्यामुळे कुतूहल वाटलं. हे खरं आहे का? आणि प्रीती हुकमाने कशी करायची?

उत्तर : साहेब, नमुना तोच आहे, हे मान्य करायला हरकत नाही. तुम्ही तरी करारनाम्याचा मसुदा दर वेळी कोऱ्या कागदावरून कुठे सुरू करायचात? इ.स.पू. ६७२ मध्ये अश्शूरच्या एसरहद्दोन राजाने आपल्या मांडलिकांकडून शपथा घेतल्या की त्याच्यामागे त्याच्या मुलाच्या, अशुरबनिपालच्या, गादीशी एकनिष्ठ राहू. त्या मातीच्या पाट्या १९५५ मध्ये निमरूदला सापडल्या. आणखी एक प्रत २००९ मध्ये तुर्कस्तानात तेल तायिनातला मिळाली. त्यात अशुरबनिपालवर स्वतःसारखी प्रीती करा, असा हुकूम आहे, आणि मोडणाऱ्यासाठी शापांची लांबलचक यादी. अनुवाद २८शी ती यादी काही ठिकाणी फार जुळते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे : तहाच्या भाषेत प्रीती म्हणजे पक्ष न बदलणं. ते हुकमाने मागता येतं. त्याही आधीच्या हित्ती तहांत करार ठरावीक काळाने वाचून दाखवायची अट असे. विलुसा नावाच्या राज्याच्या आलाक्सांदू राजाशी झालेल्या तहात वर्षातून तीनदा.

फरक पाहायचा तर सही कोणाची घेतली, ते पाहा. एसरहद्दोनच्या तहनाम्यात मांडलिकाबरोबर त्याची सगळी माणसं आणि पुढच्या पिढ्याही बांधलेल्या आहेत, पण सरसकट. अनुवाद २९ मध्ये मवाबात जे उभे आहेत त्यांत वडील आणि सरदार आहेत, बायका-पोरं आहेत, परके आहेत, आणि अगदी लाकूडतोड्यापासून पाणक्यापर्यंतची नोंद आहे. आज इथे हजर नाहीत त्यांच्याशीही, म्हणजे पुढच्या पिढ्यांशीही करार आहे, हे मात्र तहनाम्यासारखंच. दर सात वर्षांनी मंडपांच्या सणात सगळं मोठ्याने वाचायचं, आणि बायका, मुलं, परके यांनी ऐकायचं. राजाने त्याची प्रत स्वतःजवळ ठेवून जन्मभर वाचायची. 

जाता जाता : एका कॉलेजच्या मुलाने मला विचारलं होतं, ‘बाई, अनुवाद हा कशाचा अनुवाद?’ त्याला वाटलं भाषांतर. जुना अर्थ ‘पुन्हा सांगणं’ असा आहे. ज्या कोणी हे नाव ठेवलं, त्याला पुस्तक कळलेलं होतं.

प्रश्न : आमची मंडळी चौदा घरांची, पाळक महिन्यातून एकदा येतात. नूतनीकरणाची उपासना आम्हीच घ्यावी म्हणतो. काय वाचावं? काही जण म्हणतात, जो उभा राहणार नाही त्याचं नाव फलकावर लावा.

उत्तर : फलक नको. आसा राजाने तेच केलं होतं, २ इतिहास १५ : जो परमेश्वराला शोधणार नाही त्याला ठार मारायचं, आणि मग सगळ्यांनी शिंगं-कर्णे वाजवत ‘पूर्ण मनाने’ शपथ वाहिली, असं लिहिलंय. लिहिणाऱ्याला त्यात आनंद वाटला. मला तो अध्याय कधी गोड लागला नाही. मान कापली जाण्याच्या भीतीने उभा राहिलेला माणूस किती मनाने उभा आहे, ते कोण मोजणार? श्रीरामपूरच्या दादांचं पत्र तुमच्या मंडळीत वाचून दाखवा.

वाचायला नहेम्या ८ घ्या. पाणवेशीसमोरच्या चौकात लाकडी मंचावर एज्रा शास्त्री उभा, पहाटेपासून दुपारपर्यंत वाचन, आणि लेवी लोकांमध्ये फिरून अर्थ सांगतायत. लोक रडायला लागले तेव्हा त्यांना सांगितलं, रडू नका, चांगलंचुंगलं खा, गोड प्या, आणि ज्याच्याकडे काही शिजलं नसेल त्याच्याकडे वाटा पाठवा. तेव्हा उपासनेनंतर जेवण ठेवा, आणि डबे कोणाकोणाकडे जातील ते आधी ठरवा.

मग १०वा अध्याय. त्यातली नावं गाळू नका. सगळी मिळून ८४ आहेत, जीभ अडखळेल. चौदा घरांतल्या चौदा जणांत वाटून वाचा. त्यातल्या बहुतेकांविषयी नावापलीकडे काही कळत नाही. शेवटी तुमचं स्वतःचं कलम लिहा. छपराची गळती असेल, आजाऱ्याला दवाखान्यात नेण्याची पाळी असेल, जे असेल ते, आणि त्यापुढे घराचं नाव आणि महिना. सहा महिन्यांनी कोणी विसरलेलं आढळेल, तेव्हा १३वा अध्याय काढा. नहेम्याही सगळी आवराआवर करून शेवटच्या ओवीत सांगतो ते एवढंच, की वेदीच्या लाकडांची आणि प्रथमफळांची व्यवस्था लावली आहे, माझ्या देवा, माझी आठवण ठेव. पुस्तक तिथेच संपतं, जळणापाशी.